टिफनी एकिंग परत आली: 'अ हॅट फुल ऑफ स्काय' वाचलंय का कोणी?

कोरीपाटी (धागाकर्ती)

कुमार वाचकांच्या फँटसीत 'हुशार नायिका' आहे असं कळलं की मला आधी धास्तीच वाटते. हुशारी बहुतेक वेळा मलपृष्ठावरच्या मजकुरात असते. आत गेलं की ती दोन टोमणे मारते, वाचकाला केव्हाच सुटलेलं एक कोडं सोडवते आणि तिसऱ्या प्रकरणात तलवार उपसते. टेरी प्रॅचेटची टिफनी एकिंग त्यातली नाही, हे पहिल्या भागातच कळलं होतं. आता दुसरा भाग, 'अ हॅट फुल ऑफ स्काय' (२००४), संपवला आणि कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

पहिल्या भागातल्या गोष्टी इथे उघडपणे येतील, दुसऱ्यातल्या अर्ध्यामुर्ध्या. शेवट सांगणार नाही. प्रतिसादात कोणाला सांगायचाच असेल तर वर 'स्पॉयलर' लिहा, एवढी विनंती.

ज्यांनी पहिला भाग, 'द वी फ्री मेन' (२००३), वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टिफनी नऊ वर्षांची. मेंढपाळांच्या घरातली, चीज आणि लोणी करण्यात तरबेज. शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलेली, कारण तो तसा वाचायचा नसतो हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. एके दिवशी नदीतून हिरव्या दातांची एक भयानक बाई डोकं वर काढते. टिफनी घरी येते आणि परीकथांचं पुस्तक उघडते. त्यात म्हटलंय, या प्राण्याचे डोळे सूपच्या ताटलीएवढे असतात. मग ती सूपची ताटली शोधते आणि मोजते. आठ इंच. माहिती जुळते. मग ती बिडाचा तवा घेऊन नदीवर परत जाते आणि धाकट्या भावाला गोळ्यांची पिशवी देऊन आमिष म्हणून काठावर बसवते.

ताटली मोजणं हा या मालिकेचा पाया आहे. भीती वाटलीच तर आधी तिची लांबी-रुंदी बघून घ्यायची. हे वाचताना मी मोठ्याने हसले होते, पण भावाला आमिष म्हणून बसवणं कुठेतरी खुपलंही होतं. हे मूल जरा थंड डोक्याचंच आहे. पुढे परीराणी त्या भावाला पळवते आणि टिफनी त्याला सोडवायला जाते, तेव्हा राणी नेमकं याच जागी बोट ठेवते: तुझं त्याच्यावर प्रेम तरी आहे का? तो तुझा आहे, म्हणून आलीस ना?

दुसरा भाग या खुपण्यातून उगवलेला आहे, असं माझं मत.

आता ती अकरा वर्षांची आहे. खडूच्या टेकड्या सोडून डोंगरात मिस लेव्हल नावाच्या चेटकिणीकडे शिकायला जाते. चेटकीण म्हणजे मंत्र आणि उडणारे झाडू, असं तिला वाटत असतं. प्रत्यक्षात काम काय, तर म्हाताऱ्यांची नखं कापा, औषधं पोचवा, ज्यांच्याकडे कोणी जात नाही त्यांच्या घरी जाऊन बसा. मिस लेव्हलला दोन शरीरं आहेत आणि मन एकच. विनोदासाठी आणलेली कल्पना वाटते, पण जो माणूस दिवसभर दुसऱ्यांसाठी राबतो त्याला दोन शरीरंही कमी पडतात, हे आपोआप दिसत राहतं. घरात ओस्वाल्ड नावाचं एक अदृश्य भूत आहे, ते वस्तू फेकत नाही, आवरतं. चमचे हलवलेत की ते बेचैन होतं.

आणि हायव्हर. याला शरीर नाही, आकार नाही. तो मनांत शिरतो आणि आधीच्या मनांचे अवशेष जवळ बाळगत फिरतो. टिफनीला एक युक्ती साधलेली असते. घरात मोठा आरसा नव्हता, म्हणून ती 'मला पाहा' म्हणायची आणि शरीराबाहेर उभी राहून स्वतःला बघायची. किती सोयीचं! पण त्या वेळी आत कोणीच नसायचं. हायव्हर तिथूनच शिरतो.

म्हणजे तिच्या हुशारीनेच दार उघडं ठेवलेलं असतं. स्वतःकडे बाहेरून बघता येणं, आपण काय विचार करतो याचा विचार करणं, ज्या गुणांवर पहिला भाग जिंकला, त्यांचीच किंमत इथे मोजावी लागते. साधारणपणे सीक्वेलमध्ये काय होतं? शत्रू मोठा होतो, सैन्य वाढतं, नकाशाला आणखी एक घडी पडते. प्रॅचेटने शत्रू थेट नायिकेच्या आत आणून ठेवला.

त्यातही हायव्हर तिच्याकडून जे करवतो ते परकं नाही. दुकानातून झगमगीत वस्तू उचलणं, दुकानातल्या नोकराचा बेडूक करणं (उरलेल्या माणसाचं काय झालं ते पुस्तकातच वाचा, फुगे आवडत असतील तर विशेष), एका एक्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याने स्वतःच्या अंत्यविधीसाठी जमवलेले पैसे चोरणं. लगाम काढला तर आपल्यातलंच काय बाहेर येईल, ते तो दाखवतो. शुद्धीवर आल्यावर टिफनी 'ती मी नव्हतेच' म्हणून सुटका करून घेऊ शकली असती. ती ते करत नाही. मला पुस्तकातलं सगळ्यात धाडसाचं कृत्य हेच वाटलं. तिला त्या म्हाताऱ्याच्या घरी परत जायचं असतं. त्या घरी पुढे काय होतं ते सांगत नाही, पण त्या दोन पानांसाठी तरी पुस्तक घ्या.

तुम्हाला कसं वाटलं?

---

टिंबटिंब

+१. त्या म्हाताऱ्याच्या पेटीचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. आणि फीगलांबद्दल एक ओळसुद्धा नाही? घोर अन्याय!

---

कोरीपाटी

@टिंबटिंब, फीगलांबद्दल लिहायला लागले असते तर धागा त्यांचाच झाला असता. ते तसेच आहेत. पण तुम्ही लिहा ना.

---

टिंबटिंब

लिहितोच. नॅक मॅक फीगल: सहा इंच उंच, निळे, लाल केसांचे, पिणं-चोरणं-भांडणं हा पिढीजात व्यवसाय. त्यांची ठाम समजूत आहे की आपण मेलेलो आहोत आणि हे जग म्हणजे स्वर्ग. एवढी मारामारी आणि एवढी दारू आणखी कुठे मिळणार? त्यामुळे त्यांना मरणाची भीती नाही. भीती कशाची, तर लिहिण्याची आणि वकिलांची. कागदावर नाव आलं की माणूस अडकला!

दुसऱ्या भागात त्यांच्या म्होरक्याला, रॉब एनीबडीला, त्याची बायको जीनी लिहायला-वाचायला शिकवते. पराक्रमी गडी अक्षरांसमोर घामाघूम होतो, तो प्रसंग अफलातून आहे. जीनी ही टोळीची नवी केल्डा, म्हणजे सगळ्या टोळीची आई-राणी. पहिल्या भागात ते पद काही काळ टिफनीकडे होतं. त्यामुळे जीनीच्या मनात तिच्याबद्दल अढी आहे, आणि तरीही टिफनीवर संकट आलंय हे तिलाच कळतं. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. हुशार नायिका म्हणून सगळे टिफनीकडे बघतात, मला मात्र जीनी तितकीच आवडली.

पहिल्या भागातली लग्नाची अट आठवते का कोणाला? केल्डा झाली की टोळीतल्या कोणाशी तरी लग्न करावंच लागतं, नाही म्हणायची सोय नाही. नऊ वर्षांची पोर तारीख देते: जगाच्या टोकाला मैलभर उंच ग्रॅनाइटचा डोंगर आहे, वर्षातून एकदा एक चिमुकला पक्षी येऊन त्याला चोच घासतो. डोंगर झिजून वाळूच्या कणाएवढा झाला की त्या दिवशी लग्न! नियमही मोडला नाही, कोणाचा अपमानही झाला नाही, आणि रॉबचा जीव भांड्यात पडला.

---

अर्धविराम

धागा छान, पण थोडा विरोधी सूर लावतो.

पुस्तकाचा पूर्वार्ध मलाही आवडला. उत्तरार्धात ग्रॅनी वेदरवॅक्स आली आणि टिफनी तिच्या सावलीत गेली. ग्रॅनी ही प्रॅचेटच्या मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांमधली गाजलेली चेटकीण, तिला आणलं की प्रसंग तिचाच होतो. कुमार वाचकांच्या पुस्तकात अनुभवी मोठ्या माणसाने येऊन पोरीला रस्ता दाखवायचा, ही मला पळवाट वाटते. पहिल्या भागात टिफनी एकटी होती, आणि म्हणूनच तिची हुशारी झळाळली.

दुसरं, फीगलांचा माणूस होऊन प्रवास करण्याचा प्रसंग (एकावर एक चढून बुजगावण्याच्या कपड्यांत) निम्म्याने कापता आला असता. गुडघे एकीकडे निघालेत आणि पोट दुसरीकडे, हा विनोद पहिल्या पानावर हसवतो. नंतर मी पानं उलटत होतो.

---

कोरीपाटी

@अर्धविराम, प्रवासाबद्दल अर्धं मान्य. ग्रॅनीबद्दल मात्र नाही.

ग्रॅनी तिला रस्ता दाखवत नाही, तिच्याबरोबर चालते. हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोघी डोंगरातून चालत जातात तेव्हा ग्रॅनी काय शिकवते ते बघा: मंत्र एकही नाही. प्रश्न विचारते, गप्प बसते, मध्येच खोचक बोलते. हायव्हरचं करायचं काय, हे टिफनीलाच सुचतं. ते सुचतं कारण तिला गोष्टी कशा चालतात हे माहीत आहे. तीन वर मागणाऱ्यांच्या कथांत तिसरा वर कसला असतो? बहुतेक वेळा पहिल्या दोन वरांनी झालेला घोळ निस्तरायचा. हे तिच्या वाचनातून येतं. सूपच्या ताटलीसारखंच.

शिवाय ग्रॅनी येते तोवर टिफनीने हायव्हरला मनाबाहेर काढलेलं असतं. त्या लढाईत ग्रॅनी नव्हतीच.

---

अर्धविराम

पण त्या लढाईत फीगल होते. आणि मेलेली आजीसुद्धा होती, एका अर्थी. एकटी कुठे होती ती?

---

कोरीपाटी

तेच तर! फीगल तिच्या मनात शिरतात आणि तिला जागं करायला काय वापरतात? वास. मेंढीची लोकर, टर्पेंटाइन आणि आजी ओढायची ती तंबाखू. आजी गेली तेव्हा जे उरलं ते एवढंच. टिफनीची हुशारी हवेतून आलेली नाही. मेंढ्यांबद्दल सगळं जाणणाऱ्या आणि फारसं न बोलणाऱ्या बाईकडून ती आली आहे. डोक्याने एकटीनेच सगळं केलं की हुशारी, ही कल्पना मला तरी बाळबोध वाटते.

---

अर्धविराम

बरं, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी पहिला भाग माझ्या लेखी वरचढ.

---

खडकसखी

भूगर्भशास्त्र हा माझा विषय, त्यामुळे या मालिकेत मी भलत्याच कारणासाठी अडकले. टिफनीची भूमी म्हणजे खडू. प्रॅचेटचं बालपण इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांच्या भागात गेलं आणि नंतर तो सॉल्झबरीजवळ राहायचा. दोन्हीकडे जमिनीखाली खडूच. डायनोसॉरांच्या काळातल्या उबदार समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा तळाशी गाळ साचून तो बनला आणि त्यात मध्ये मध्ये गारगोटीचे गोटे आहेत. खडू मऊ, गारगोटी टणक, आणि एकाच्या पोटात दुसरी. डोंगरातल्या चेटकिणींना वाटत असतं की खडूसारख्या मऊ जमिनीवर चेटकीण घडतच नाही, तिला कठीण खडक लागतो. गारगोटी आठवली की या समजुतीतलं भोक लगेच दिसतं.

दुसऱ्या भागातला पांढरा घोडाही हवेतला नाही. ऑक्सफर्डशायरमध्ये अफिंग्टनला टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू भरून काढलेला एक घोडा आहे, सुमारे ११० मीटर लांब आणि जवळपास तीन हजार वर्षं जुना. तो टिकलाय तो माणसांमुळे. दर काही वर्षांनी गवत काढून खडू पुन्हा ठोकावा लागतो, नाहीतर घोडा गवतात गडप होतो. म्हणजे कित्येक पिढ्यांनी तो उपसला, राखला. मिस लेव्हलची ती नखं कापणं, औषधं पोचवणं वाचताना मला सारखा हा घोडा आठवत होता. रोज कोणीतरी करत राहिलं तरच टिकणाऱ्या गोष्टी.

चित्र बघितलंत तर तो धड घोड्यासारखा दिसतही नाही, चार-पाच वळणदार रेघा. त्यावर टिफनीच्या आजीचं एक मत पुस्तकात आहे, ते इथे सांगून मजा घालवत नाही.

---

टिंबटिंब

@खडकसखी, कडक प्रतिसाद! गारगोटीचं डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

मधलंपान

माझी लेक दहा वर्षांची आहे, वाचनाचं वेड आहे. हे पुस्तक तिला द्यावं का? वर 'मनात शिरतो' वगैरे वाचून जरा काळजी वाटली. आणि पहिला भाग आधी वाचायलाच हवा का?

---

कोरीपाटी

@मधलंपान, पहिला भाग आधी द्याच. दुसरा स्वतंत्रपणे कळतो, पण ग्रॅनीने पहिल्या भागाच्या शेवटी टिफनीच्या डोक्यावर ठेवलेल्या अदृश्य टोपीचं वजन तो भाग वाचल्याशिवाय जाणवत नाही.

भीतीबद्दल: हायव्हर पाठलाग करतो ती पानं खरोखर भीतीदायक आहेत, आणि मिस लेव्हलच्या बाबतीत एक वाईट गोष्ट घडते. पुढे साक्षात मृत्यू हे पात्रही भेटतं, पण तो प्रॅचेटच्या कादंबऱ्यांतला मृत्यू आहे, लहान मुलांना त्याची भीती कमी आणि कुतूहल जास्त वाटतं. शांत डोक्याच्या दहा वर्षांच्या मुलीला चालावं. रात्री एकटीला वाचू देण्यापेक्षा पहिल्यांदा बरोबर वाचा.

---

पानगळ

बरोबर वाचाच, आणि फीगलांचे संवाद मोठ्याने वाचा. ते स्कॉटिश धाटणीची इंग्रजी बोलतात, छापील पानावर मुलं अडखळतात, कानावर पडलं की लगेच कळतं. आमच्याकडे ज्या दिवशी घसा बसला होता त्याच दिवशी सर्वोत्तम रॉब एनीबडी झाला.

मला अ‍ॅनाग्रामाबद्दल बोलायचंय, तिचा उल्लेखच नाही कुठे. शिकाऊ चेटकिणींच्या कंपूची पुढारी. उंच, देखणी, सगळ्यांना सुधारणारी, महागड्या सामानावर विश्वास असलेली. तिची गुरू मिसेस इअरविग जादूवर पुस्तकं लिहिते, म्हणजे बघा. अशी पात्रं शाळेच्या गोष्टींत ढिगाने असतात आणि शेवटी त्यांची फजिती करून सोडून देतात. इथे लेखक तिला तेवढ्यावर सोडत नाही. टिफनीला तिचा राग येतो, पण तिच्या भपक्याचं आकर्षणही वाटतं, आणि हायव्हर नेमकं तेच उचलतो. हायव्हरच्या ताब्यातली टिफनी अ‍ॅनाग्रामाहून वाईट अ‍ॅनाग्रामा होते! माझ्या मते हा आरसा त्या 'मला पाहा'पेक्षा जास्त खरा आहे.

आणि पेट्युलिया. सारखी 'अं' करणारी, सगळ्यांचं ऐकणारी, डुकरांवर उपचार करण्यात मात्र कोणाला हार न जाणारी. कंपूत तिची किंमत शून्य. हुशारीचा हाही एक नमुना, आणि टिफनीला तो उशिरा दिसतो.

---

अर्धविराम

पेट्युलियाबद्दल १००% सहमत. तिच्यावर वेगळं पुस्तक हवं होतं.

---

मधलंपान

धन्यवाद सगळ्यांना. पहिला भाग मागवला. ही मालिका किती पुस्तकांची आहे? आणि तो 'डिस्कवर्ल्ड' का काय ते सगळं आधी वाचावं लागतं का? ती यादी बघून धडकी भरली.

---

टिंबटिंब

नाही हो, अजिबात नाही. डिस्कवर्ल्ड म्हणजे प्रॅचेटने रचलेलं काल्पनिक जग, त्याच्या एकूण ४१ कादंबऱ्या आहेत, त्यातल्या टिफनीच्या पाच: वर आलेल्या दोन, मग 'विंटरस्मिथ' (२००६), 'आय शॅल वेअर मिडनाइट' (२०१०) आणि 'द शेफर्ड्स क्राउन' (२०१५). शेवटची प्रॅचेटच्या निधनानंतर आली. या पाच स्वतंत्रपणे वाचता येतात. टिफनी दर पुस्तकात मोठी होत जाते, त्यामुळे मुलीच्या वयाबरोबर पुढे जाता येईल. चौथं पुस्तक जरा थांबून द्या, त्यात गंभीर मजकूर आहे.

मोठ्यांसाठीच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत, या पाचांत आहेत. 'हे प्रकरण संपलं की झोप' असं सांगता येतं.

---

पानगळ

सांगता येतं. ऐकलं जातं असं नाही.

---

खडकसखी

एक राहिलं. हायव्हर गेल्यावर त्याने गोळा केलेल्या मनांचे थोडे अवशेष टिफनीच्या डोक्यात उरतात, त्यात एका मेलेल्या जादूगाराचा विद्वान तुकडा आहे. तो नको त्या वेळी उठतो आणि न विचारलेली माहिती देतो. आमच्या क्षेत्रातले काही जण तसेच आहेत, जिवंतपणीच.

---

अर्धविराम

@कोरीपाटी, तुमच्या सांगण्यावरून ग्रॅनीबरोबर डोंगर चढण्याचा भाग पुन्हा वाचायला घेतला. ग्रॅनी तिला फारसं काही सांगत नाही, हे खरं आहे. पण ती तिच्यावर लक्ष ठेवून असते, आणि टिफनीला ते ठाऊक असतं. परीक्षेत पर्यवेक्षक काही सांगत नाही, तरी तो समोर उभा असला की आपण वेगळे लिहितो. म्हणून माझा आक्षेप अर्धा मागे घेतो, अर्धा ठेवतो.

---

कोरीपाटी

चालेल, अर्धा ठेवा. 'विंटरस्मिथ' वाचून झालं की त्यावर नवा धागा काढते. त्यात अ‍ॅनाग्रामाला स्वतःचं घर आणि स्वतःची माणसं सांभाळावी लागतात असं ऐकलंय. @पानगळ, तुम्ही तिथे पहिला प्रतिसाद द्यायचा.